आत्याची पिशवी, चोरखिशासकट

बाहेरून देखणी आणि आतून गळकी अशी वस्तू कोणती? क्रोशाची पिशवी! आपल्यापैकी निम्म्याजणींच्या कपाटात ती एक तरी असतेच. कुणीतरी प्रेमाने विणून दिलेली, नाहीतर गोव्याच्या ट्रिपमध्ये घासाघीस करून घेतलेली. पहिल्या दिवशी ऑफिसला नेली की सगळ्याजणी विचारतात, "कुठून घेतलीस गं?" दुसऱ्या दिवशी जाळीतून पेन बाहेर डोकावतं. तिसऱ्या दिवशी लिपस्टिक रिक्षात पडते. आणि आठवड्याभरात, आत पाण्याची बाटली आणि डबा टाकून टाकून, पिशवी गुडघ्यापर्यंत लोंबायला लागते. मग तिची रवानगी दारामागच्या हुकावर. कायमची.

यावरचा उपाय जुना आहे आणि स्वस्तही. अस्तर लावायचं. बस्स!

हे मी एवढ्या ठामपणे सांगतेय, कारण गेल्या ऑक्टोबरात माझे सलग तीन वीकएण्ड एका पिशवीला अस्तर लावण्यात गेले. टीममधले सगळे माळशेज, ताम्हिणी करत होते आणि मी घरी बसून हेम घालत होते. पिशवी माझी नव्हती. आत्याची होती.

आमची आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. वय ७२. सरकारी कचेरीत ३४ वर्षं नोकरी केली, लग्न केलं नाही, प्रॉव्हिडंट फंडातून स्वतःचा वन बीएचके घेतला. आमच्याच सोसायटीत, आमच्या दोन मजले खाली. कचेरीच्या लंच अवरमध्ये आणि पीएमटीच्या बसमध्ये तिचा क्रोशा चालू असायचा. आमच्या घरात ज्या ज्या वस्तूवर धूळ बसू शकते, त्या प्रत्येकीला आत्याने कपडे शिवलेत म्हणा ना. टीव्हीला झालर, फोनला टोपी, मिक्सरला झबलं. शिवाय दाराला तोरण आणि लग्नात रुखवताला हंस. फक्त स्वतःसाठी तिने कधी काही विणलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांचं निदान झालं. मॅक्युलर डीजनरेशन. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग. बारीक वाचायला, चेहरे ओळखायला तोच लागतो. तो झिजत गेला की मधलं चित्र पुसट होतं, कडेचं दिसत राहतं. म्हणून आत्या घरात कशालाही न धडकता फिरते, पण मी समोर जाऊन उभी राहिले तर मी आहे की माझी आई, हे ती आवाजावरून ओळखते. पेपर सुटला. टीव्हीवरच्या बातम्या नुसत्या ऐकायच्या. क्रोशा मात्र सुटला नाही!

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्कच झाले. पण थोडा विचार केला तर त्यात जादू नाही. क्रोशाला एकच सुई, आणि एका वेळी एकच फंदा त्या सुईवर. साखळी, मुका खांब, खांब... सगळं बोटाला लागतं. मागच्या ओळीची भोकं अंगठ्याने मोजता येतात. चुकलं तर दोरा ओढायचा, सगळं सरसर उसवतं. "डोळ्यांचं काम मी कधीच फार करून घेतलं नाही गं," आत्या म्हणते. "बसमध्ये खिडकीबाहेरच बघायचे मी."

शिवणाची सुई मात्र वेगळी. तिच्या नेढ्यात दोरा ओवायचा, कापडाची दुमड सरळ ठेवायची, टाका पुढच्या बाजूला दिसू द्यायचा नाही. हे सगळं नजरेचं. म्हणून एका रविवारी सकाळी आत्या वर आली आणि टेबलावर एक मरून रंगाची नवी पिशवी ठेवून म्हणाली, "याला अस्तर लावून दे. कसं ते मी सांगेन. तू फक्त हात चालव."

आता या पिशवीची एवढी घाई का होती, ते सांगायला हवं. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. हल्ली तो घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, आणि बाबांनी तसं सुचवलंही होतं. पण त्याआधी एक प्रकार घडला होता. उन्हाळ्यात आत्या एकटीच बँकेत गेली होती. बँक दोन गल्ल्या सोडून, मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. काउंटरवर पासबुक काढायला पिशवीत हात घातला तर सापडेना. किल्ल्या, चष्म्याची डबी, गोळ्यांची पाकिटं, सुट्टे पैसे, सगळं काउंटरवर ओतावं लागलं. दोन नाणी घरंगळली. मागे रांग. आणि काउंटरवरचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "आजी, पुढच्या वेळी घरच्या कुणाला तरी घेऊन या ना."

दृष्टी नसलेल्या किंवा कमी असलेल्या ग्राहकांना बँकेच्या सगळ्या सेवा भेदभाव न करता द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना सांगितलंय. मी ते शोधून आत्याला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नियम ठीक आहे. पण पासबुक मला सापडलं नाही, हे तर खरंय ना? ते आधी सोडवू."

बाबा म्हणाले, "ताई, मी येत जाईन ना तुझ्याबरोबर. आणि दाखल्याचं मोबाइलवर करून टाकू."

"मी जिवंत आहे हे मी स्वतः जाऊन सांगेन, बाळ. तू कशाला?"

यावर घरात कुणी काही बोललं नाही.

तर, अस्तर. आत्याच्या सूचना जशा आल्या तशा देते. तुमच्या हुकावरच्या पिशवीलाही त्या लागू पडतील.

आधी पिशवी धुवायची. क्रोशाचं कापड पहिल्या धुण्यात आपला खरा आकार दाखवतं. ओली असतानाच टॉवेलवर आडवी पसरून, हाताने चारी कोपरे सरळ करून वाळवायची. टांगायची नाही, टांगली की वजनाने लांब होते. अस्तराचं सुती कापडही आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं. नाहीतर ते नंतर आटतं आणि पिशवीला आतून सुरकुत्या पाडतं.

कापड कोणतं? या बाबतीत मराठी घरांवर देवाची कृपा आहे. हळदीकुंकवात आलेले ब्लाउजपीस! आईच्या कपाटात त्यांचा एक अख्खा कप्पा आहे. इकडून आलेला तिकडे जातो, तिकडचा फिरून दोन वर्षांनी परत आपल्याच घरी येतो. मी एक सुंदर जांभळा काढला, मरूनवर शोभेलसा. आत्याने तो खिडकीशी नेऊन, मान तिरकी करून कडेच्या नजरेने पाहिला आणि बाजूला ठेवला. "गडद नको. फिकट पिवळा दे." कारण सोपं होतं. पिशवीत आत अंधार असतो. अस्तर गडद असलं की काळी डबी, तपकिरी पाकीट त्यात बुडून जातं. फिकट अस्तरावर तेच उठून दिसतं. डोळे कमी झाले की रंगांतला फरक हाच मोठा आधार. मी त्या दिवशी माझ्या ऑफिसच्या काळ्या बॅगेतलं काळं अस्तर पाहिलं. त्यात माझा काळा इअरफोन रोज हरवतो आणि माझे डोळे तर ठणठणीत आहेत!

आता माप. आत्याची पिशवी १४ इंच रुंद आणि १५ इंच उंच, तळ सपाट. अस्तराची रुंदी पिशवीइतकीच ठेवायची आणि दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच शिलाईसाठी सोडायचा, म्हणजे १५ इंच. उंचीत मात्र गंमत आहे. अस्तर वरच्या काठाच्या अर्धा इंच खाली लावायचं आणि तळाशी ते पिशवीपेक्षा अर्धा इंच आखूड ठेवायचं. म्हणजे तयार उंची १४ इंच. असं केलं की सामानाचं वजन अस्तर उचलतं, विणकामावर ताण येत नाही. पिशवी लोंबत नाही ती यामुळे. वरच्या दुमडीसाठी एक इंच धरला तर एका बाजूला १५ इंच. कापड तळाशी घडी घालून एकसंध ठेवायचं, म्हणजे एकूण ३० इंच. ८० सेंटीमीटरचा ब्लाउजपीस साडेएकतीस इंच भरतो. बरोब्बर बसलं! रुंदीत उरलेल्या पट्ट्यातून खिसे.

खिसे अस्तराच्या बाजू शिवण्याआधी लावायचे, कापड टेबलावर सपाट असताना. आणि इथे आत्याचा खरा प्लॅन बाहेर आला. एका बाजूला पासबुकाचा रुंद खिसा. दुसऱ्या बाजूला साडेतीन इंचाचे तीन चौकोनी खिसे, शेजारी शेजारी. शंभरचा, दोनशेचा, पाचशेचा.

२०१६ पासून आलेल्या नव्या नोटा तुम्ही कधी मोजून पाहिल्यात? या तिन्हींची रुंदी एकच, ६६ मिलिमीटर. लांबी शंभरची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०. म्हणजे दोन नोटांत फरक अवघा ४ मिलिमीटर. रांगेत उभं राहून बोटांनी हे ओळखणं कठीणच. नोटेवर उंचवट्याची खूण असते, शंभरवर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ आणि दोनशेवर इंग्रजी एच. कडेला तिरक्या रेषाही असतात, पाचशेला पाच. पण नोट वापरून मऊ झाली की खुणा सपाट होतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये 'मणी' नावाचं अ‍ॅप काढलं, नोटेसमोर फोन धरला की ते किंमत बोलून दाखवतं. घरी आत्या ते वापरते. "पण भाजीवाल्यासमोर नोटेचे फोटो काढत बसू? मागचे लोक मारतील मला." म्हणून तिचा हिशोब असा, की नोटा घरी अ‍ॅपवर लावून घ्यायच्या, मध्ये एक घडी घालायची आणि ज्याच्या त्याच्या खिशात ठेवायच्या. बाहेर पडल्यावर नोट ओळखायचीच नाही. खिसा ओळखायचा!

आणि खिसा ओळखायचा कसा? आत्याने दोन संध्याकाळी बसून नखाएवढी क्रोशाची तीन चित्रं विणली. एक त्रिकोण, एक वर्तुळ आणि दोन उभ्या साखळ्यांमध्ये एक आडवी. नोटेवरच्याच खुणा, मापाने दुप्पट. मी ती खिशांच्या तोंडाशी टाकून दिली. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, लोकांच्या डिझाइनमधल्या खोट्या काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. या डिझाइनमध्ये मला एकही सापडली नाही.

किल्लीसाठी तिने एक वीतभर साखळी विणली. तिचं एक टोक अस्तराच्या बाजूच्या शिलाईत पक्कं केलं, दुसऱ्या टोकाला कडी. साखळी ओढली की किल्ली हातात. बंद पाठीमागून ताणतात, म्हणून आतून एक इंची सुती नवारीची पट्टी टाकली आणि तिची टोकं दोन्हीकडे दोन-दोन इंच अस्तरात उतरवली.

सगळं झालं असं वाटलं तेव्हा आत्या म्हणाली, "आता एक चोरखिसा."

"कुठे?"

"पासबुकाच्या खिशाच्या मागे. तोंड बाजूच्या शिलाईकडे. बाहेरून कळता कामा नये."

"त्यात काय ठेवणार?"

"तुला कशाला?"

मी हसले. ती हसली नाही. सुपारी कातरत, अगदी सहज बोलल्यासारखी बोलली, "माझी पत्रं तुझा बाप वाचतो. बँकेचे मेसेज तू वाचून दाखवतेस. गोळ्या शेजारची काढून देते. कपाटात काय कुठे आहे ते कामवालीला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सगळे चांगलेच आहात गं. पण एक जागा अशी हवी, जिथे काय आहे ते फक्त मला ठाऊक."

मी काहीच बोलले नाही. मशीनवर दुहेरी टीप मारली आणि तो खिसा शिवला. दिसायला चार इंचांचा.

शेवटचं काम अस्तर पिशवीत बसवण्याचं, आणि ते हातानेच करायचं. अस्तराची उलटी बाजू पिशवीच्या उलट्या बाजूला लागेल असं आत सारायचं. दोन्ही शिलाया पिशवीच्या दोन्ही कडांशी जुळवायच्या, मग पुढचा मध्य, मागचा मध्य, अशा चार ठिकाणी टाचण्या. त्यानंतर मधल्या जागा भरायच्या. एका टोकापासून टाचत गेलात तर शेवटी कापडाचा फुगा उरतो. पिशवीच्याच रंगाचा दोरा घ्यायचा आणि पाव-पाव इंचावर हेम घालायची. सुई विणीच्या भोकातून घालायची नाही, लोकरीच्या धाग्यात हलकेच अडकवायची. भोकातून घातलेला टाका सैल पडतो आणि बाहेर दिसतो. दोरा आवळायचा नाही. क्रोशाला थोडं ताणायची सवय असते, तेवढी मोकळीक ठेवायची. दर चार बोटांवर आत्या काठावरून अंगठा फिरवायची. "इथे ओढलंयस का? नाही, बरोबर आहे. चल पुढे."

त्या तीन वीकएण्डमध्ये मला एक पुस्तक आठवत राहिलं. कॉलेजात सोशिऑलॉजीच्या पेपरला होतं. आंध्रातल्या नरसापूरला १८४४ च्या सुमारास मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे ती लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की या बायका दिवसाचे कितीतरी तास विणतात, पण त्यांना कामगार म्हणत नाहीत. त्या 'गृहिणी', आणि त्यांचं काम 'फावल्या वेळातलं'. म्हणून मजुरी नगण्य. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला जीआय टॅग मिळाला. मला वाटलं, आमच्या मिक्सरच्या झबल्याचे तरी आम्ही आत्याला कधी काय दिलं? "वेळ छान जातो तुझा," एवढंच तर म्हणत आलो सगळे.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी साडेदहाला आत्या निघाली. पिवळ्या पोटाची मरून पिशवी खांद्याला. बाबांनी सोबत यायचं नाही, असं ठरलं होतं. बाबा आले नाहीत, फक्त सोसायटीच्या गेटपर्यंत चार वेळा जाऊन आले. मी त्या दिवशी घरून काम करत होते. लॅपटॉप उघडा, लक्ष खिडकीत.

आत्या पावणेएकला परतली. हातात पाव किलो जिलबी.

"एवढा वेळ?" बाबा म्हणाले.

"रांग होती. मग परत येताना जिलबी घेतली. दोनशेची नोट दिली, सुट्टे मोजून घेतले."

"आणि बँकेत? तो मुलगा काही बोलला?"

"पासबुक मागितलं, मी दिलं. दुसरं काय बोलणार?" एवढं सांगून ती जिलबीसाठी ताटल्या काढायला लागली. मला आणखी ऐकायचं होतं. सिनेमात असतो तसा एखादा डायलॉग, त्या मुलाचा पडलेला चेहरा, काहीतरी. पण आत्याच्या लेखी त्या सकाळी सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. तिला हवं होतं ते नेमकं हेच होतं, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

तिची दृष्टी सुधारणार नाही. कदाचित आणखी कमी होईल. तेव्हा दोन गल्ल्याही एकटीने जमतील की नाही, हा प्रश्न आमच्या घरात आहेच. बाबा तो रात्री जेवताना हळूच काढतात आणि आई विषय बदलते.

दरम्यान आत्याच्या कट्ट्यावरच्या दोघीजणींनी तशीच पिशवी मागितली आहे. एकीला नोटांचे खिसे नकोत, मोबाइलचा हवाय. दोघींना अस्तर फिकटच हवंय. आत्याने या वेळी आधी किंमत सांगितली आणि मगच लोकर आणायला मला तुळशीबागेत पाठवलं. लोकर, मजुरी आणि अस्तर, असे तीन वेगळे आकडे तिने तोंडपाठ केलेत. अस्तराचे पैसे माझे. मी नको म्हटलं तर म्हणाली, "घे. फावल्या वेळातलं काम म्हणून फुकट करायला लागलीस, तर जन्मभर करावं लागेल."

पुढच्या शनिवारी आईचा ब्लाउजपीसचा कप्पा परत उघडायचाय. चोरखिसा दोघींनाही हवा आहे.